भिमाबाईचं पान

भिमाबाई गेल्यावरही बरेच दिवस लोक करडं घेऊन दारात येत राहिले. कोणी पोत्यात गुंडाळून आणायचं, कोणी सदऱ्याच्या आत पोटाशी धरून. ज्यांना कळलं नव्हतं ते अंगणातूनच हाक मारायचे, "भिमाबाई, हाईत का घरात?" मग पिराजी बाहेर यायचा आणि ती आता नाही असं सांगायचा. येणारा माणूस उंबऱ्याशी टेकायचा, पाणी प्यायचा, हळहळायचा आणि करडू घेऊन माघारी जायचा. त्या करडाचं पुढं काय होणार ते पिराजीला ठाऊक असायचं. म्हणून तो त्या माणसाची पाठ दिसेनाशी व्हायच्या आत घरात यायचा.

सास्तुरात आणि आजूबाजूच्या खेड्यांत भिमाबाईचं नाव एका कामासाठी होतं. शेळी व्याली आणि मेली, किंवा तिला तीन करडं झाली आणि तिसऱ्याला दूध पुरेना, तर ते करडू दुसऱ्या शेळीला लावायचं. हे सोपं नसतं. शेळी परक्या करडाला पाजत नाही. त्याच्या शेपटाशी नाक नेते, वास आपला नाही हे कळलं की ढुशी मारून बाजूला फेकते. भिमाबाईच्या हाताखाली मात्र ती पाजायची. जनावरांच्या दवाखान्यातले डॉक्टरसुद्धा म्हणायचे, याच्यावर इंजेक्शन नाही, भिमाबाईकडं न्या.

पिराजी स्वतः बांधकाम खात्यात मैलकुली होता. खड्डे बुजवणं, कडेच्या बाभळी छाटणं, मैलाच्या दगडांना रंग देणं यातच त्याची सगळी नोकरी सरली. घरात शेळ्या होत्या त्या बायकोच्या. तो फक्त ती सांगेल तेव्हा शेळीचा पाय धरायचा. "नीट धरा, रस्त्याचा दगड न्हाय त्यो," असं ती म्हणायची आणि तो अजून घट्ट धरायचा. आपल्याला शेळीतलं काही कळत नाही, असं तो चारचौघांत अभिमानानं सांगायचा. बायकोला सगळं कळतं हेच त्यातून त्याला सांगायचं असायचं.

त्यांची मुलगी दीक्षा पुण्यात वेबसाइट बनवणाऱ्या एका कंपनीत कामाला होती. आईच्या मातीला आली तेव्हा तिनं एका म्हाताऱ्याला करडू घेऊन परत जाताना पाहिलं. पुण्याला निघायच्या दिवशी ती बापाला म्हणाली, आईला जे येत होतं ते नेटवर ठेवू. ज्याला लागेल त्याला ते सापडेल, आणि आई कोण होती हेही लोकांना कळेल.

हे पिराजीला फार आवडलं. पण काय काय लिहायचं असं तिनं विचारलं तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढं एकच गोष्ट आली. गावात कोणी गेलं की चौकात फ्लेक्स लागतो. वर मोठा फोटो, खाली जन्म आणि मृत्यूच्या तारखा, दोन ओळी गुणगान आणि त्याखाली शोकाकुल म्हणून सगळ्या भावकीची नावं. ज्याचं नाव सुटतं तो वर्षभर तोंड फिरवून जातो. पिराजीनं दीक्षाला तसंच सांगितलं. फोटो मोठा पाहिजे, पैठणीतला. कालकथित भिमाबाई पिराजी असं ठळक पाहिजे. ती किती कष्टाळू होती, पाहुण्यांना कशी जीव लावायची, भूकंपाच्या वर्षी पत्र्याच्या शेडमध्ये तिनं शेजारणीची पोरं कशी सांभाळली, हे सगळं पाहिजे. आणि शेवटी नावं. एकही सुटायला नको. दीक्षानं सगळं लिहिलं. शेळ्यांबद्दल त्यात एक ओळ होती: पोरकी करडं दुसऱ्या शेळीला लावण्यात त्यांचा हातखंडा होता.

त्या ओळीपाशी ती अडखळली, पण बापाकडं पाहून तिनं ती तशीच ठेवली.

बटनांचा विषय काढला तो राजपालनं. राजपाल पिराजीच्या धाकट्या भावाचा मुलगा. बस थांब्याजवळ त्याचं ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान होतं आणि मोबाइलच्या बाबतीत गावात त्याचा शब्द शेवटचा होता. त्यानं पान पाहिलं आणि म्हणाला, छान आहे, पण खाली बटनं नाहीत. व्हॉट्सॲपचं, फेसबुकचं, आणखी असतील नसतील ती सगळी बटनं लावायची. माणसानं बटन दाबलं की पान पुढं जातं, आणि जितके लोक दाबतील तितकं गुगल ते पान वर चढवतं. दीक्षानं फोनवरून सांगितलं की तसं काही नसतं. बटनावरचा आकडा गुगल मोजत नाही.

"मग समदे का लावतेत?" राजपाल म्हणाला. "येडे हाईत व्हय?"

राजपालचं म्हणणं पिराजीला पटण्यासारखं होतं. माणसाचं मोठेपण किती लोक आले यावरून कळतं. लग्नात तसं आणि मातीलाही तसंच. गुगल तेवढं का पाहणार नाही? त्यानं लेकीला सांगितलं की बटनं लाव. तिनं लावली. पान उघडायला आता पूर्वीपेक्षा वेळ लागायला लागला, पण खाली रंगीत बटनांची ओळ दिसायला लागली आणि तिच्याशेजारी किती जणांनी दाबलं त्याचा आकडा.

वर्ष भरलं तेव्हा पहिल्या स्मृतिदिनाचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम ठरला. पिराजीनं सगळ्या पाहुण्यांना आधीच निरोप दिला की दुखवट्याचे कपडे, टॉवेल, टोपी काही आणू नका. मोबाइल आणा, चार्ज करून.

भन्तेजी आले, वंदना झाली, लोक खिरीला बसले. पंगत उठली तसा राजपाल मांडवाच्या दाराशी उभा राहिला. हात धुऊन येणाऱ्या प्रत्येकाच्या मोबाइलवर तो पान उघडून द्यायचा आणि पाहुणा बटन दाबायचा. ज्या म्हाताऱ्यांकडं साधे फोन होते त्यांनी सुनांच्या फोनवर दाबलं. पिराजीची थोरली बहीण डोळ्यांनी अधू होती. तिनं अंगठा पुढं केला आणि म्हणाली, "शाई कुठं हाय?" लोक हसले. पिराजीही हसला. वर्षात पहिल्यांदा तो असा हसला होता. बटनाशेजारचा आकडा भराभर वाढत होता आणि तो तिथंच खुर्ची टाकून बसला होता. लेकीचं लग्न लावताना बसला होता तसाच.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं मोबाइलवर बोटानं एकेक अक्षर लावत लिहिलं: भिमाबाई सास्तूर. पान पहिल्या नंबरावर होतं. वर तिचा फोटो.

चहाच्या हॉटेलात त्यानं ते सगळ्यांना दाखवलं. पिठाच्या गिरणीत दाखवलं. देवळापुढच्या पारावर पत्ते खेळत बसलेल्यांना उठवून दाखवलं. ज्या फोनवर पाहावं त्या फोनवर भिमाबाई पहिली. राजपाल म्हणाला, "बघा तात्या, बटनाची ताकद." पिराजीनं त्याला सगळ्यांसमोर पाठीवर थाप दिली.

दीक्षा अजून घरीच होती, रजेवर. पिराजी घरी आला आणि तिच्यापुढं फोन धरून म्हणाला, "तू म्हनत हुतीस मोजत न्हाय. ह्ये काय मग?"

दीक्षा भाकरी थापत होती. तिनं हात धुतले, पदराला पुसले आणि फोन घेतला. बापाच्या तोंडावरचा आनंद पाहून तिला ते बोलवेना. पण आईचं काम असं अर्धवट पडून राहिलेलं तिला त्याहून सहन होईना.

"दादा," ती म्हणाली, "भिमाबाई सास्तूर असं लिवल्यावर दुसरं कोन येनार? बटनं नसती तरी आईच आली असती. पर ज्याला आईचं नावच ठाऊक न्हाय, त्यो काय इचारंल?"

पिराजीला पहिल्यांदा प्रश्न कळला नाही. मग कळला. पोटाशी करडू धरून येणारा माणूस त्याला दिसला. लांबच्या गावचा, सास्तूर कुठं आहे हे ठाऊक नसलेला. तो काय विचारेल? दीक्षानं लिहिलं: शेळी मेली, करडू दुसरी शेळी पाजत नाही, काय करावं. पहिल्या नंबरावर एका दुकानाची पावडर आली. दुसऱ्यावर गाणं लावलेला बोकडाचा व्हिडिओ. मग शेळीपालनाचं कर्ज. दीक्षा बोटानं पान वर सरकवत राहिली, आणखी सरकवत राहिली. भिमाबाई कुठंच नव्हती.

"मग काल एवढ्या मानसांनी दाबलं ते कुठं गेलं?" पिराजीनं विचारलं.

तिनं त्याला समजावून सांगितलं. बटन दाबलं की पान त्या माणसाच्या ओळखीच्यांकडं जातं. ते वाचतात किंवा न वाचता पुढं ढकलतात. व्हॉट्सॲपवर कोण कोणाला काय पाठवतं ते गुगलला दिसतही नाही. तो आकडा बटनाचा आहे, गुगलचा नाही. गुगल पाहतं की विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर पानावर आहे का, पान लवकर उघडतं का, आणि दुसऱ्या कोणी आपल्या वेबसाइटवर लिहिलंय का की अमुक गोष्ट समजून घ्यायची तर या पानावर जा. एवढं बोलून ती थांबली आणि मग हळूच म्हणाली, "आपल्या पानावर उत्तरच न्हाय, दादा."

पिराजी उठला. गोठ्यात गेला, शेळ्यांना पाला टाकला आणि तिथंच बसला. त्याला लेकीचा राग आला होता आणि ती खरं बोलतेय हेही कळत होतं. संध्याकाळी राजपाल आला. दीक्षानं त्याला तोच प्रश्न त्याच्याच फोनवर विचारायला लावला. राजपालनं बराच वेळ फोनवर बोट सरकवलं आणि शेवटी म्हणाला की गुगलला वेळ लागतो, आणखी लोकांना दाबायला लावू. पण आवाजात जोर नव्हता. पिराजीनं त्याला नेहमीसारखं जेवून जा म्हटलं नाही.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी, ऊन कलायच्या सुमाराला, पिराजीचा फोन वाजला. अणदूरहून कोणी बंडप्पा नावाचा मेंढपाळ बोलत होता. बोलण्यात कानडी हेल होता. त्याची शेळी सकाळी व्याली आणि दुपारी मेली. करडू मागं राहिलं. दुसरी एक शेळी कालच व्यालीय, तिला एकच करडू आहे, दूध भरपूर आहे, पण हे लावलं की उडवून देते. त्याच्या ग्रुपवर कोणीतरी भिमाबाईचं पान टाकलं होतं, तळाशी हा नंबर होता म्हणून फोन केला.

"पान लई मोठ्ठं हाय, मामा," बंडप्पा म्हणाला. "फोटू हाय, नावं हाईत. दोनदा वाचलं. पर करडाचं काय करायचं त्ये काय घावंना. भिमाबाईंला फोन द्या की जरा."

ती गेली हे सांगणारा कालकथित हा शब्द त्या पानावर सगळ्यात मोठ्या अक्षरांत होता. पण बंडप्पाला त्याचा अर्थ लागला नव्हता किंवा त्यानं तिकडं पाहिलंच नव्हतं. त्याचं लक्ष करडावर होतं. ती नाही, हे पिराजीनं त्याला सांगितलं. बंडप्पा म्हणाला, बरं, चुकी झाली, मामा. आणि तो फोन ठेवणार हे पिराजीला कळलं. वर्षभर अंगणातून माघारी गेलेली सगळी माणसं त्याला आठवली.

"थांबा," तो म्हणाला. "शेळीला मारलं का तुमी?"

बंडप्पानं कबूल केलं की दोन फटके दिले.

"मारू नका. मारलेली शेळी पान्हा चोरती." हे आपण बोललो याचं पिराजीला नवल वाटलं. हे तिचं वाक्य होतं. आलेल्या प्रत्येक माणसाला ती आधी हेच विचारायची, करडाकडं पाहायच्याही आधी. आणि ते वाक्य तोंडातून गेल्यावर पुढचं आपोआप यायला लागलं. करडाला पहिला चीक गेलाय का? नसेल तर त्या शेळीचा थोडा पिळून चमच्यानं आधी पाजा, बाकी सगळं नंतर. मग तिचंच दूध हातावर घ्या आणि करडाच्या पाठीला चोळा, डोक्याला चोळा, शेपटाच्या बुडाशी जास्त चोळा, कारण शेळी वास तिथंच घेते. वरून चिमूटभर बारीक मीठ लावा, म्हणजे चाटायला लागेल. चाटलं की अर्धं काम झालं. शेळीला आखूड बांधा, मान मागं वळायला नको. पुढं तिच्या आवडीचा भरडा ठेवा. एकानं मागचा पाय धरायचा. उचलायचा नाही, नुसता धरायचा. तिचं स्वतःचं करडू आधी एका बाजूनं लावा आणि हे दुसऱ्या बाजूनं. कोपरा अंधारा पाहिजे, कुत्रं जवळ नको, बोलणं नको.

दीक्षा दारात येऊन उभी राहिली होती. तिनं खूण केली तसा त्यानं फोन स्पीकरवर टाकला. तिनं स्वतःचा फोन काढला आणि ती लिहायला लागली. बंडप्पा मधे मधे विचारत होता आणि पिराजी सांगत होता. किती दिवस धरायचं? ती त्याला बघून ओरडेपर्यंत. ओरडली म्हणजे? "आपल्या लेकराला हाक मारती तशी. तोंड मिटून, पोटातून. ती हाक आली की दावं सोडा आनि तुमी बी तितनं निघा." बोलता बोलता त्याचे हात हवेत फिरत होते. शेपटाच्या बुडाशी, कासेशी, पायाशी. रस्त्याचा दगड न्हाय त्यो, असंही तो बंडप्पाला म्हणाला.

फोन ठेवल्यावर दीक्षा म्हणाली, "तुमी तर म्हनत हुता मला काय कळत न्हाय."

"म्या नुसता पाय धरायचो," पिराजी म्हणाला.

बंडप्पाचा पुन्हा फोन आला तो शेळीची हाक ऐकवायलाच. त्यानं फोन शेळीच्या तोंडाजवळ धरला होता. बापलेक दोघं ऐकत बसले.

त्या आठवड्यात पान नव्यानं लिहिलं गेलं. दीक्षा लिहायची आणि वाचून दाखवायची. पिराजी म्हणायचा, असं नाही, ती असं बोलायची नाही, आणि बदलायला लावायचा. फोटो तळाशी ठेव आणि लहान कर, असं त्यानंच सांगितलं. मग म्हणाला, नावं काढून टाक. दीक्षानं त्याच्याकडं पाहिलं. भावकी काय म्हणेल, तिनं विचारलं. त्यावर पिराजी म्हणाला की मी एवढ्या मैलाच्या दगडांना रंग दिला, एकावरही माझं नाव नाही. ज्याला गाव किती लांब आहे ते बघायचंय त्याला माझ्या नावाचा काय उपयोग? तिचं एकटीचं राहू दे. शेवटी, एका ओळीत: ही रीत सास्तूरच्या भिमाबाईंची आहे.

राजपाल हे कळल्यावर धावत आला. त्याचं नाव शोकाकुलमध्ये वरून तिसरं होतं. "तात्या, म्या एवढी बटनं दाबवून घेतली आनि माझंच नाव काढलं," तो म्हणाला. त्याची बायको हर्षाली बरोबर होती. ती म्हणाली, "तुमाला पाजायची हाय का शेळी? मग कशाला पायजे नाव?" यावर राजपालच आधी हसला आणि विषय संपला.

बटनांचं काय करायचं हे उरलं होतं. दीक्षाला सगळीच काढायची होती. पिराजी म्हणाला, एक ठेव. भिमाबाई कळपातल्या एकाच शेळीच्या गळ्यात घुंगरू बांधायची. कोणी विचारलं की हसून म्हणायची, घुंगरू बांधल्यानं दूध वाढत न्हाय बाबा, पर बांदाआड गेली तर कळतं. आनि समद्यांना बांधलं तर कुठली कुठं हाय तेच कळत न्हाय. म्हणून व्हॉट्सॲपचं तेवढं एक बटन राहिलं, आकड्याविना. बाकीची गेली आणि पान पुन्हा चटकन उघडायला लागलं.

मग बरेच दिवस काही झालं नाही. भावकीतले दोघे-तिघे खरोखरच तोंड फिरवून गेले. पिराजीनं तेही सोसलं. रोज सकाळी नाव लिहून बघायची सवय त्यानं सोडून दिली होती. नुसतं नाव लिहून काही कळत नाही हे त्याला पटलं होतं आणि तो दुसरा प्रश्न लिहून बघायचं धाडस होत नव्हतं. त्या प्रश्नालाही ती आली नाही तर काय, या विचारानं फोन खिशातच राहायचा.

अधूनमधून दीक्षा पुण्याहून फोनवर सांगायची. बंडप्पाच्या ओळखीच्या शेळी-मेंढीपालकांचा एक गट होता, त्यांची वेबसाइट होती. त्यांनी लिहिलं की पोरकं करडू लावायचं असेल तर हे वाचा, आणि भिमाबाईच्या पानाचा पत्ता दिला. मग कुठल्याशा कृषी महाविद्यालयाच्या मुलांनी आपल्या वेबसाइटवर तसंच केलं. पलीकडून, कर्नाटकातून, एकानं कानडीत उतरवायला परवानगी मागितली. हे गुगलला दिसतं, ती म्हणाली. राजपालला ही बातमी लागली तसा तो दुकान टाकून आला.

"मंजी बटनानंच झालं की," तो म्हणाला. "बटन नसतं तर बंडप्पाला पान गावलं असतं का?"

दीक्षा फोनवर हसली आणि म्हणाली की अर्धं बरोबर आहे, भाऊ. बटनानं पान वर चढलं नाही, पण बटनानं ते बंडप्पापर्यंत गेलं. राजपालनं त्यातलं बरोबर तेवढं अर्धंच गावभर सांगितलं.

पुढं थंडी संपता संपता पिराजी उमरग्याच्या बाजाराला गेला. एक बोकड विकायचा होता तो विकला गेला आणि तो लिंबाच्या सावलीत चहा घेऊन बसला. शेजारी एक तरणी बाई दोन शेळ्या धरून बसली होती. तिच्या मांडीवर डालग्यात एक करडू होतं, अंगावर केस नीट वाळलेले, पण पोट खपाटीला गेलेलं. पिराजीची नजर आधी त्या पोटाकडं गेली. तिला त्यानं विचारलं, याची आई कुठली. ती म्हणाली, याची आई परवा मेली. दुसरी घेत नाही. बाजारात कोणी गिऱ्हाईक मिळतंय का बघायला आणलंय, फुकटसुद्धा कोणी नेईना.

पिराजी तिच्याकडं वळला. सांगितलं तर दोन मिनिटांचं काम होतं. न सांगता तर तो जाणारच नव्हता. पण तिच्या मांडीजवळ मोबाइल पडला होता आणि ही बाई सास्तूरची नव्हती, भावकीतली नव्हती, तिनं भिमाबाईचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं.

"तुमच्या मोबाइलला इचारून बगा की," तो म्हणाला. आवाज त्याला स्वतःलाच परका वाटला.

"मोबाइलला काय कळतंय शेळीतलं," ती म्हणाली.

"इचारा तर."

तिनं फोन तोंडाशी धरला आणि बोलली: शेळी मेली, करडाला दुसरी शेळी पिऊ देत न्हाय, काय करायचं. पिराजीनं चहाचा ग्लास खाली ठेवला. फोनकडं पाहायचं त्याच्यानं होईना, म्हणून तो शेळीकडं पाहत राहिला. तिनं बोटानं काहीतरी दाबलं आणि थांबून थांबून मोठ्यानं वाचायला लागली.

"शेळीला... मारू नका. मारलेली शेळी पान्हा चोरती."

तिनं मान वर केली आणि पिराजीकडं पाहिलं. "ह्ये तर खरंच हाय," ती म्हणाली. "आमचे ह्ये मारतेत."

मग ती वाचतच राहिली. चीक, दूध, शेपटाचं बूड, मीठ, धरायचा पाय. पिराजी ऐकत होता. एकदा तिनं ओळ सोडली तेव्हा त्याला ते कळलं, पण तो काही बोलला नाही. तिचं तिनंच मागं जाऊन वाचलं. शेवटी आल्यावर ती म्हणाली, "कोन बाई हाय कुनास ठाऊक. पर शहानी हाय." आणि खाली एकच बटन होतं ते तिनं दाबलं. सासूला पाठवते, ती म्हणाली, घरी पोचेपर्यंत मीठ-बीठ काढून ठेवतील. तिला कोणी सांगितलं नव्हतं दाब म्हणून.

पिराजीला सांगायचं नव्हतं. दगडावर नाव नसतं हे त्यानंच ठरवलं होतं. पण ते आत राहीना.

"माझी मालकीन हाय ती," तो म्हणाला.

बाईनं त्याच्याकडं नीट पाहिलं, मग फोनवर बोट सरकवून तळाचा छोटा फोटो शोधून पाहिला. पैठणीतली भिमाबाई. तिनं फोन बाजूला ठेवला आणि डालगं त्याच्यापुढं सरकवलं.

"मग पाय धरा की, मामा," ती म्हणाली. "हितंच करू. ह्या काळ्या शेळीला दूध लई हाय."

पिराजी उठला, धोतराचा सोगा खोचला आणि शेळीच्या मागं उकिडवा बसला. त्यानं पाय धरला. उचलला नाही, नुसता धरला, नीट.